दगडाविना किल्ला

"बाबा, हाच तो किल्ला," लेक म्हणाली, आणि आम्ही दोघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो.

समोर किल्ला नव्हताच. हिरव्यागार गवताने मढलेल्या चारपाच टेकड्या होत्या, एकमेकींना खेटून उभ्या. बाजू चांगल्या चढाच्या, माथे मात्र कोणी सुरीने कापून काढावेत तसे सपाट. वर जायला लाकडी पायऱ्या. खाली लांबवर पसरलेले गवताळ खोरे आणि खोऱ्याच्या कडेने सावकाश वळण घेत जाणारी नेरिस नदी. बुरूज नाही, तट नाही, दरवाजा नाही. एक घडीव चिरासुद्धा कुठे दिसत नव्हता. सिंहगड, राजगड, तोरणा करता करता ज्याचे गुडघे झिजले, त्याला किल्ला म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको, अशी माझी समजूत. "अगं, पण किल्ला कुठाय?" शेवटी हिने न राहवून विचारलेच.

मुलगी शिक्षणासाठी लिथुआनियाच्या राजधानीत, विल्नियसला असते. तिला भेटायला म्हणून आम्ही उन्हाळ्यात गेलो होतो. तिथून वायव्येला सुमारे ३५ किलोमीटरवर केर्नावे नावाचे छोटेसे गाव आहे. "तुमचं गडांचं वेड तिथं भागेल," असे तिने फोनवर आधीच सांगून ठेवले होते. युनेस्कोने २००४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घातलेले ठिकाण म्हटल्यावर मी मनातल्या मनात एक भक्कम युरोपीय किल्ला बांधूनही टाकला होता. आणि प्रत्यक्षात या टेकड्या! त्या संध्याकाळी परतताना मात्र माझे मत पार बदलले होते. दगडी किल्ला डोळ्यांनी पाहता येतो. हा किल्ला पाहायला आधी कोणीतरी माती उकरावी लागते, आणि ती कोणी, कशी उकरली ही हकिगत किल्ल्याइतकीच ऐकण्यासारखी आहे.

पिलिस आणि पूर

लिथुआनियन भाषेत अशा टेकडीला 'पिलियाकाल्निस' म्हणतात. 'पिलिस' म्हणजे किल्ला आणि 'काल्नास' म्हणजे डोंगर. नाव उच्चारायला अवघड वाटले तरी त्यातला पहिला शब्द आपल्या नात्यातला आहे. हा 'पिलिस', ग्रीकांचा नगरवाचक 'पोलिस' आणि संस्कृतातला 'पुर' ही एकाच मुळाची रूपे असल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात. कोल्हापूर, सोलापूर, नागपूर म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे शहर येते. पण ऋग्वेदात 'पुर' म्हणजे तटाने वेढलेली, शत्रूपासून राखलेली जागा. अशी पुरे फोडणारा म्हणून इंद्राचे नाव 'पुरंदर'. ज्या गडावर १६५७ मध्ये संभाजीराजांचा जन्म झाला आणि मिर्झाराजे जयसिंगांबरोबरचा १६६५ चा तह ज्याच्या नावाने आपण शाळेत पाठ केला, त्या गडाचेही नाव तेच.

शब्दांचे हे नाते एवढ्यावर थांबत नाही. लिथुआनियन लोक अग्नीला 'उग्निस' म्हणतात, धुराला 'दूमाई', मधाला 'मेदुस', मुलाला 'सूनुस' आणि देवाला 'दिएवास'. ऑगस्ट श्लायखर नावाचा जर्मन पंडित १८५० च्या दशकात प्रशियातल्या लिथुआनियन शेतकऱ्यांमध्ये जाऊन राहिला, त्यांच्या तोंडची भाषा शिकला आणि तिचे व्याकरण त्याने लिहिले. संस्कृतचा अभ्यास करणाऱ्यांचे लक्ष या भाषेकडे वळले ते यामुळे. मात्र याचा अर्थ तिकडचे लोक इथून गेले किंवा इकडचे तिथून आले असा काढण्याची घाई करू नये. दोन्ही भाषा फार जुन्या अशा एका घरच्या. एक बहीण इकडे नांदली, एक तिकडे, इतकेच.

लिथुआनियात असे पिलियाकाल्निस ९०० हून अधिक नोंदले गेले आहेत. देश आकाराने महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहूनही लहान, तेव्हा टेकड्यांची ही संख्या मोठीच म्हणायची. २०१७ हे साल तिथल्या संसदेने 'पिलियाकाल्निसांचे वर्ष' म्हणून पाळले. आपल्याकडे जसा प्रत्येक तालुक्याला आपला एखादा गड असतो आणि गडाची एक दंतकथा असते, तसेच तिकडेही आहे.

केर्नावेलाही दंतकथांची वाण नाही. केर्नियस नावाच्या सरदाराने गाव वसवले आणि त्याची मुलगी पयाउता हिच्यावरून खालच्या खोऱ्याला पयाउतेचे खोरे म्हणतात. मधली टेकडी 'वेदीची', शेजारची 'मिंदाउगासचे सिंहासन', तिसरी लिझदेइका या पुरोहिताची. मिंदाउगास हा लिथुआनियाचा एकमेव अभिषिक्त राजा. त्याला १२५३ मध्ये राज्याभिषेक झाला. लिझदेइकाची गोष्ट तिथले प्रत्येक पोर जाणते. गेदिमिनास राजाला स्वप्नात टेकडीवर एक लोखंडी लांडगा शंभर लांडग्यांच्या आवाजात केकाटताना दिसला. लिझदेइकाने अर्थ सांगितला, 'राजा, इथे नगर वसव, त्याची कीर्ती जगभर दुमदुमेल.' राजाने वसवले ते विल्नियस! गोष्टी गोड आहेत, पण टेकड्यांची ही भारदस्त नावे बरीच अलीकडची, एकोणिसाव्या शतकातल्या कवीमनाच्या लोकांनी रूढ केलेली. कुदळ मारल्यावर वेदीच्या टेकडीवर सापडली ती राजाच्या राहत्या वाड्याची जागा.

कुऱ्हाडीने बांधलेला गड

आपला सह्याद्री हा कातळाचा मुलूख. डोंगर तासला की त्यातूनच चिरे निघतात. लिथुआनियात कातळ वर कुठे दिसत नाही. हिमयुगातल्या बर्फाने मागे टाकलेली वाळू, चिकणमाती आणि गोटे, आणि त्यावर दाट जंगल. तेव्हा गड बांधायचा तो माती आणि लाकूड यांचाच.

रीत अशी असे. नदीकाठी ओहोळांनी दोन्ही बाजूंनी कापलेली डोंगराची सोंड हेरायची. तिचे उतार आणखी तासून माणसाला सहज चढता येणार नाहीत असे करायचे. सोंड जिथे मागच्या पठाराला जोडलेली असेल तिथे खंदक खणून ती तोडायची. खंदकातून निघालेली माती आतल्या अंगाला रचून तट उभारायचा. माती घसरू नये म्हणून ओंडक्यांची चौकट रचून तिच्यात माती ठासायची आणि त्यावर लाकडी भिंत चढवायची. हत्यारे दोनच, कुऱ्हाड आणि कुदळ. या मुलखात असे तटबंद टेकाड करण्याची पद्धत इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकापासून चालत आली. त्या काळच्या पूर्व लिथुआनियातल्या मडक्यांवर खराटा फिरवावा तशा रेघोट्या असतात आणि तिकडचे संशोधक त्यावरूनच तिला 'रेघोट्यांच्या मडक्यांची संस्कृती' म्हणतात.

अशा किल्ल्याचा एकच मोठा शत्रू, तो म्हणजे आग. किल्ला जळायचा, राखेवर माती टाकून पुन्हा उभा राहायचा, पुन्हा जळायचा. प्रत्येक वेळी तट थोडा उंच होई. म्हणून उत्खनन करणारे या तटात वरपासून खालपर्यंत सरळ उभा चर घेतात. चिरोट्याचे पदर सुटावेत तसे थर त्यात दिसू लागतात. पिवळी माती, काळा कोळसा, भाजून लाल झालेली चिकणमाती, पुन्हा पिवळी माती. प्रत्येक काळी रेघ म्हणजे एक जळिताची रात्र.

लाकडाचा खांब कुजून गेला तरी त्याचा खड्डा राहतो. तो नंतरच्या मातीने भरतो आणि आजूबाजूपेक्षा काळसर गोल ठिपका उमटतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने घोड नदीकाठी इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननाविषयी ज्यांनी वाचले असेल, त्यांना हे ठिपके ओळखीचे वाटतील. तीन हजार वर्षांपूर्वीची आपली गोल आणि चौकोनी घरे अशाच खळग्यांवरून ओळखता आली. वेदीच्या टेकडीवर उभे राहून मी हे हिला समजावत होतो. ती म्हणाली, "म्हणजे घर गेलं, पण घराची खूण राहिली." माझ्या पाच मिनिटांच्या व्याख्यानापेक्षा हे बरे होते.

शत्रूने लिहिलेली बखर

इतके खटाटोप करून माती वाचायची कशासाठी? कागदपत्रे नाहीत का? आहेत. पण कोणाची, हा प्रश्न आहे.

लिथुआनियाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो १३८७ मध्ये. युरोपातले हे शेवटचे मूर्तिपूजक राज्य. त्याच्या आधीची शंभरहून अधिक वर्षे धर्मयुद्धाच्या नावाखाली ट्युटॉनिक सरदारांचा संघ पश्चिमेकडून आणि त्यांचीच लिव्होनियातली शाखा उत्तरेकडून या देशावर स्वाऱ्या करत होती. राजांनी लॅटिनमध्ये वा स्लाव्ह भाषेत लिहिलेली काही पत्रे उरली आहेत. पण लिथुआनियन भाषेतले पहिले छापील पुस्तक निघाले ते १५४७ मध्ये. त्यामुळे त्या लढायांची हकिगत आपल्यापर्यंत आली आहे ती मुख्यतः स्वारी करणाऱ्यांच्या लेखणीतून. क्षणभर कल्पना करा, सभासदाची बखर नाही, शिवकालीन पत्रव्यवहार नाही, पोवाडे नाहीत, आणि शिवाजीमहाराजांविषयी जे काही कळते ते फक्त औरंगजेबाच्या दरबारी इतिहासकारांकडून! लिथुआनियन माणसाची स्थिती जवळजवळ अशी आहे.

केर्नावेचे नाव पहिल्यांदा लेखी सापडते तेही असेच. १२७९ मध्ये लिव्होनियातल्या सरदारांनी इथपर्यंत धाड घातली, म्हणून त्यांच्या बखरीत गावाचे नाव आले. तेव्हा त्राईदेनिस हा इथला राजा होता. धाड घालून लूट घेऊन परतणाऱ्या सैन्याला त्याच्या माणसांनी आइझक्राउक्लेजवळ गाठले. त्या लढाईत संघाचा प्रमुखच ठार झाला आणि त्याच्याबरोबर सत्तरच्या वर सरदार. मग १३६५ ची स्वारी, मग १३९० ची. या शेवटच्या स्वारीत केर्नावे जळाले ते पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिलेच नाही.

ट्युटॉनिक संघाच्या दप्तरात आणखी एक विलक्षण कागद आहे. १३८४ ते १४०२ च्या दरम्यान त्यांनी लिथुआनियात शिरण्याच्या शंभर वाटांची टिपणे करून ठेवली. कोणत्या मार्गाने किती मजल मारायची, तळ कुठे द्यायचा, पाणी आणि वैरण कुठे मिळेल, पूल कुठे बांधावा लागेल. वाटाड्यांनी आणि हेरांनी आणलेली ही माहिती. आज तिकडचे अभ्यासक जुनी गावे आणि गढ्या शोधताना याच टिपणांचा आधार घेतात. जाळायला निघालेल्यांनी करून ठेवलेला नकाशा, जळालेले शोधायला उपयोगी पडतो आहे!

पण शत्रूच्या बखरीवर विश्वास किती ठेवायचा? याची कसोटी केर्नावेच्या आधी, देशाच्या दुसऱ्या टोकाला, आपुओले नावाच्या टेकडीवर लागली होती. रिम्बेर्ट या आर्चबिशपने नवव्या शतकात आपल्या गुरूचे, संत आन्सगारचे चरित्र लिहिले. त्यात एक प्रसंग आहे. बाल्टिक किनाऱ्यावरचे कुर लोक स्वीडनला खंडणी द्यायचे बंद झाले, तेव्हा स्वीडनचा राजा ओलोफ ८५४ च्या सुमारास चालून गेला. किनाऱ्यावरचे एक ठाणे लुटून तो पाच दिवसांची मजल मारून 'अपुलिया' नावाच्या गडापाशी आला. गडात १५ हजार लढवय्ये होते म्हणे. आठ दिवस वेढा चालला, नवव्या दिवशी स्वीडिश मेटाकुटीला आले, कौल लावला, ख्रिस्ताची करुणा भाकली, आणि नेमके तेव्हाच गडकऱ्यांनी तहाचे बोलणे लावले. चरित्रकार धर्मगुरू, तेव्हा विजयाचे श्रेय कोणाकडे जाणार हे ठरलेलेच.

ही भाकडकथा की इतिहास? लिथुआनिया १९१८ मध्ये स्वतंत्र झाल्यावर दहा वर्षांनी, १९२८ ते १९३२ या काळात, तिथल्या आपुओलेच्या टेकडीवर कुदळ पडली. उत्खनन करणारे दोघेही वेगळ्याच वाटेने तिथे आलेले. एदुआर्दास वोल्टेरिस हे मुळात भाषेचे आणि लोकजीवनाचे अभ्यासक, वय सत्तरी ओलांडलेले. व्लादास नागेविच्युस हे लष्करातले डॉक्टर आणि जनरल, काउनास शहरातल्या युद्धसंग्रहालयाचे संस्थापक. बिर्गर नेर्मान हे स्वीडिश पुरातत्त्वज्ञही या कामाशी जोडले गेले. तटाच्या मातीत लोखंडी बाणांची टोके मोठ्या संख्येने निघाली आणि त्यांतली काही स्कँडिनेव्हियन घडणीची होती. कौल, करुणा आणि १५ हजारांचा आकडा यांविषयी माती काही बोलली नाही. पण समुद्रापलीकडचे धनुर्धर या तटावर बाण टाकत होते, एवढे तिने मान्य केले. पुराव्याची ही शिस्त मला फार आवडली. बखर खोटी म्हणून फेकायची नाही आणि खरी म्हणून डोक्यावरही घ्यायची नाही. तिला जमिनीवर आणून विचारायचे.

चिखलाने सांभाळलेले गाव

केर्नावेची पाळी यायला वेळ लागला. एकोणिसाव्या शतकात एउस्ताखी आणि कोन्स्तांती तिश्केविच या सरदार घराण्यातल्या दोन भावांना जुन्या वस्तूंचे वेड होते. धाकट्या एउस्ताखीने १८५५ मध्ये विल्नियसला पुरातन वस्तूंचे संग्रहालय काढले. थोरला कोन्स्तांती १८५७ मध्ये नेरिस नदीतून नावेने प्रवास करत तिच्या काठांची पाहणी करत गेला. केर्नावेच्या टेकड्यांवर हौशी खोदकाम झाले ते याच काळात. पण देश तेव्हा रशियन झारच्या अमलाखाली होता. १८६३ चा उठाव चिरडल्यावर ते संग्रहालय सरकारने आपल्या ताब्यात घेऊन त्याचे रूपच पालटून टाकले. १८६४ पासून तर लॅटिन लिपीत लिथुआनियन पुस्तके छापण्यावरच बंदी आली. ती १९०४ पर्यंत टिकली. चाळीस वर्षे लोक शेजारच्या प्रशियात पुस्तके छापून, रात्री-अपरात्री पाठीवर बांधून, सरहद्दीवरच्या पहाऱ्यातून चोरून आणत. ज्या भाषेचे पुस्तक बाळगणे गुन्हा, तिच्या राजधानीचे उत्खनन कोण करणार?

खरे पद्धतशीर काम सुरू झाले १९७९ मध्ये, तेही सोव्हिएत राजवटीत. विल्नियस विद्यापीठाच्या तुकडीने सुरुवात केली आणि अलेक्सेयुस लुख्तानास यांनी हे काम पुढे वर्षानुवर्षे नेले. उन्हाळा आला की विद्यार्थ्यांची पथके इथे तळ ठोकत. सगळ्यांना वाटत होते की महत्त्वाचे ते टेकड्यांवर असणार. तिथे राजवाड्याची आणि तटांची चिन्हे मिळालीच. पण खरा ठेवा निघाला तो खाली, पयाउतेच्या खोऱ्यात, गुरे चरत होती त्या गवताखाली.

झाले होते असे. १३९० च्या जळितानंतर वाचलेल्या लोकांनी खालच्या गावात पुन्हा घरे बांधली नाहीत. ते वरच्या पठारावर राहायला गेले. खाली राहिलेल्या राखेवर आणि ढिगाऱ्यावर पाण्याबरोबर आलेला गाळ साचत गेला. जमीन कायम ओली, चिखलट. लाकूड कुजायला हवा लागते आणि त्या गच्च चिखलात हवा शिरत नव्हती. एरवी ज्या वस्तू सर्वांत आधी नाहीशा होतात, म्हणजे लाकूड आणि चामडे, त्याच इथे सहाशे वर्षे टिकल्या. आपल्याकडे लोणच्यावर तेलाचा तवंग ठेवतात ना, तसा त्या गावावर गाळाचा थर बसला होता.

मग हळूहळू गावच उलगडत गेले. लाकडी फळ्यांचे रस्ते. कुंपणांनी आखलेली आवारे. एका आवारात सोनार, एकात लोहार, एकात हाडावर कोरीव काम करणारा कारागीर. चौदाव्या शतकातली ही कारागिरांची वस्ती टेकड्यांच्या पायथ्याशी पसरलेली होती. तिच्याही खाली, जुन्या थरात, दलदलीतून वाट काढण्यासाठी टाकलेला लाकडी रस्ता मिळाला. तो चौथ्या ते सातव्या शतकाच्या दरम्यानचा. याच काळातल्या वरच्या टेकडीवरच्या जळिताच्या थरात तीन पात्यांची बाणटोके सापडली. ती धाटणी गवताळ मैदानातल्या भटक्या घोडेस्वारांची. म्हणजे ट्युटॉनिक सरदारांच्या आधी आठनऊशे वर्षे कोणीतरी पूर्वेकडून येऊन हे गाव असेच पेटवून गेले होते आणि त्याची एक ओळसुद्धा कोणी लिहिलेली नाही.

गावातल्या संग्रहालयात या वस्तू मांडल्या आहेत. मी बाण आणि तलवारींच्या काचेपाशी रेंगाळलो. हिने बराच वेळ काढला तो घरगुती चीजवस्तूंपाशी. "आपल्याकडे पेशव्यांचे दागिने जपलेत, तलवारी जपल्यात," ती म्हणाली, "पण शनिवारवाड्यात पाणी भरणाऱ्या बाईच्या पायात काय होतं, ते कोणी जपलंय का?" मला उत्तर सुचले नाही. लढाई कोणी जिंकली हे बखर सांगते. त्या दिवशी सोनाराच्या भट्टीवर काय काम चालू होते, हे सांगायला गाळच लागतो.

ट्युटॉनिक बखरकारांच्या लेखी लिथुआनियन म्हणजे रानात राहणारे, झाडांची पूजा करणारे रानटी लोक. केर्नावेच्या चिखलातून निघाले ते आखीव रस्त्यांचे, कसबी कारागिरांचे गाव. त्याला उत्तर म्हणून कोणी ग्रंथ लिहिला नव्हता. ते उत्तर आपोआप पुरले गेले होते आणि आपोआपच टिकले होते. १९८९ मध्ये इथे सरकारी संरक्षित क्षेत्र जाहीर झाले. पुढच्याच वर्षी, ११ मार्च १९९० रोजी, लिथुआनियाने सोव्हिएत संघातून बाहेर पडून पुन्हा स्वातंत्र्य जाहीर केले.

उतार ढासळला तेव्हा

मातीच्या किल्ल्याचे दुखणेही मातीचेच. पाऊस मुरला की उतार सुटतो. विल्नियसच्या भर मध्यावर गेदिमिनासची टेकडी आहे, तीच ती लोखंडी लांडग्याच्या स्वप्नातली. तिच्यावर आज विटांचा मनोरा दिसतो, पण तोही मुळात एक पिलियाकाल्निसच. २०१६ मध्ये तिचा एक उतार घसरला, पुढच्या वर्षीही घसरण चालू राहिली, आणि देशभर हलकल्लोळ झाला. आपल्याकडे रायगडाची दरड कोसळली तर होईल तसा.

उतार सावरण्याचे काम २०१७ मध्ये चालू असताना माथ्यावर माणसांची हाडे दिसली. काम थांबवून पुरातत्त्वज्ञ बोलावले गेले. त्यांना घाईघाईने खणलेले खड्डे मिळाले, कित्येकांचे हात पाठीमागे बांधलेले, प्रेतांवर चुना टाकलेला. १८६३ च्या उठावातल्या बंडखोरांना झारच्या अधिकाऱ्यांनी शहरातल्या चौकात जाहीरपणे मारले, पण प्रेते कुठे पुरली याचा पत्ता कोणाला लागू दिला नव्हता. टेकडीवर तेव्हा लष्कराचा तळ होता, सामान्य माणसाला तिथे मज्जाव होता. जिथे कोणी फूल ठेवायला येऊ शकणार नाही, अशी जागा त्यांनी निवडली होती.

एका सांगाड्याजवळ अंगठी सापडली. तिच्यावर झिग्मुंट आणि अपोलोनिया ही दोन नावे आणि १८६२ च्या ऑगस्टमधली लग्नाची तारीख कोरलेली होती. उठावाचा एक सेनापती झिग्मुंट सिएराकोव्स्की याची ओळख पटली. लग्नानंतर वर्षही पुरे झाले नव्हते तेव्हा, जून १८६३ मध्ये त्याला मारले होते. शास्त्रीय तपासण्यांनी इतरही ओळखले गेले, त्यांत कोन्स्तांती कालिनोव्स्की होता. त्याला लिथुआनिया, पोलंड आणि बेलारूस हे तिन्ही देश आपला मानतात. अशा वीस जणांना २२ नोव्हेंबर २०१९ रोजी विल्नियसच्या जुन्या रासोस स्मशानभूमीत सन्मानाने निरोप दिला गेला. दीडशे वर्षांहून अधिक काळ दडवून ठेवलेली जागा टेकडीने स्वतःच दाखवून दिली.

मुलीने ही हकिगत आम्हाला केर्नावेहून परतताना गाडीत सांगितली. त्याआधी संध्याकाळी आम्ही शेवटचे एकदा टेकडीच्या माथ्यावर गेलो होतो. उत्तरेकडचा तो लांबलेला संधिप्रकाश, दहा वाजले तरी अंधार पडायचे नाव नाही. खाली खोऱ्यात गवत डोलत होते. त्याच्याखालचा फारच थोडा भाग आजवर खणला गेला आहे. बाकीचा मुद्दाम तसाच ठेवला आहे, कारण पुढच्या पिढीकडे आपल्यापेक्षा चांगली साधने असतील. हा विचारही मला मोठ्या मनाचा वाटला.

मनात मात्र 'पुरंदर' घोळत होता. लहानपणापासून ते नाव मी अभिमानाने घेत आलो. पुरे फोडणाऱ्याचे नाव देवाला मिळाले, गडाला मिळाले, आपल्या मुलांनाही आपण हौसेने ठेवतो. पण ती पुरे बांधणाऱ्यांचे नाव काय होते? ओंडके कोणी वाहिले, खंदक कोणी खणला, राखेवर पुन्हा माती टाकायला पहिली पाटी कोणी उचलली? त्यांच्यासाठी कोणत्याच भाषेत शब्द उरलेला नाही.

"झाला ना तुमचा किल्ला बघून?" हिने विचारले.

"झाला," मी म्हटले. उतरताना लाकडी पायरी सोडून गवतावर पाय पडला, तो मी चटकन मागे घेतला. गडावर देवडीपाशी वाकून हात लावतो ना आपण, तसे काहीसे वाटले.